केप काढलेली बंदूक

असीरच्या डोंगराबद्दल लिहा, असं रियाधच्या आमच्या ओळखीतल्या दोघीतिघींनी निघण्याआधीच बजावून ठेवलं होतं. भर उन्हाळ्यात तिथे शाल लागते म्हणे, धुकं खिडकीतून घरात शिरतं म्हणे, मध असा की नंतर दुकानातला तोंडात घालवत नाही म्हणे. हे सगळं खरं आहे. शाल लागते, धुकं शिरतं आणि मध तसाच आहे. ज्यांना एवढंच हवं असेल त्यांनी इथेच थांबावं आणि खुशाल तिकिटं काढावीत. परत आल्यापासून मला मात्र तिथली एक बंदूक सोडून दुसरं काही धड आठवत नाही, तेव्हा लिहायचं तर तिच्याबद्दलच लिहावं लागणार.

मी रियाधच्या एका इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. नवरा मिलिंद नाशिकचा, पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर. माझं माहेर गुहागर तालुक्यात. तिथे आमच्या आगराला लागून बशीरचाचांचं घर आहे, मधे नुसता दगडी गडगा. माझे वडील आणि बशीरचाचा लहानपणापासूनचे जोडीदार. शेताची राखण, मासे, शिकार, सगळं दोघांनी मिळून केलेलं. पुढे चाचा सौदीला आले आणि खमीस मुशैतजवळच्या डोंगरात एका शेख कुटुंबाच्या मळ्यावर राहिले ते राहिलेच. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एकच; मळा एकच, खोलीही तीच. चाची गावी. लग्नाला सारा जन्म लोटला, पण दोघं एका छपराखाली राहिली ती फक्त सुट्टीपुरती. आता मात्र चाचा कायमचे घरी निघाले होते. एक्झिटचा शिक्का झाला होता, तिकीट निघालं होतं.

‘बाय, मी जायच्या आदी येऊन जा,’ ते फोनवर म्हणाले होते. ‘इतकी वर्सं त्या रियाधच्या धुळीत ऱ्हायलीस, माजा मुलूख नाय बघितलास. मी गेल्यावर कोण दाखवील तुला?’

म्हणून आम्ही गेलो.

खमीस मुशैत, गुरुवार

खमीस म्हणजे गुरुवार. इथे पूर्वीपासून गुरुवारचा बाजार भरतो, त्यावरून गावाचं नाव. आपल्याकडे शनिवार पेठ, बुधवार पेठ असते तसंच, फक्त इथे अख्खं शहरच गुरुवार. आणि आम्ही पोचलो तेही गुरुवारीच. मिलिंदला अशा योगायोगांचं फार कौतुक. तो ते टॅक्सीवाल्यालाही समजावून सांगत होता. टॅक्सीवाला बांगलादेशी होता, त्याने समजल्यासारखी मान हलवली.

चाचा घ्यायला येणार होते, आले नाहीत. फोन बंद. मी फारसं मनावर घेतलं नाही, कारण मळ्यावर रेंज येत-जात असते हे ते नेहमी सांगायचे. हॉटेलमध्ये आम्हाला मिळालेली खोली ‘डोंगराकडची’ होती. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. तक्रार करायला गेलो तर तिथला पोरगा म्हणाला, ‘डोंगर त्या भिंतीच्या मागेच आहे, मॅडम.’ त्याचंही बरोबरच होतं.

जेवायला हनीथ मागवलं. भट्टीत झाडपाल्यावर ठेवून वाफवलेलं बकरं, इतकं मऊ की हाडाला हात लावताच मांस गळून पडतं. खाली भात. मसाला जवळजवळ नाहीच. मी खाताना मनात म्हणत होते, उद्या चाचांच्या हातचं खरं कालवण मिळेल. डोक्यावरून लष्करी तळावरची विमानं कानठळ्या बसवत जात होती आणि आजूबाजूचं कुणी मान वर करूनही बघत नव्हतं. फोन तोवरही बंदच होता.

मळ्यावर, शुक्रवार

चाचांनी आधीच पाठवून ठेवलेल्या लोकेशनवर भाड्याची गाडी घेऊन गेलो. शहर सुटलं तशी हवा बदलली. जुनिपरची बुटकी गर्द झाडं, डोंगराच्या अंगावर पायऱ्या पाडलेली शेतं, आणि माती-दगडाची उंच घरं. त्या घरांच्या भिंतींतून पातळ दगडांच्या फळ्या ओळीने बाहेर काढलेल्या असतात. पाऊस मातीवर न पडता त्या फळ्यांवरून ओघळून जावा म्हणून. आपल्याकडे पावसाळ्याआधी भिंतींना झापं बांधतात, त्याचाच हा दगडी भाऊ. वळणावळणावर बबून माकडं कठड्यावर बसलेली. चांगली कुत्र्याएवढी, अंगावर राखाडी आयाळ, आणि गाडी थांबली की हक्काने काचेवर थाप मारणारी. चाचा त्यांच्यावर फार वैतागलेले असत. ‘तिकडं वांदर, हिकडं वांदर. माजा जलम वांदरांमागं गेला,’ असं त्यांचं म्हणणं.

मळ्याच्या फाटकाशी एक तिशी-पस्तिशीचा, चष्मा लावलेला माणूस उभा होता. तो सालिम, कफीलचा मुलगा. खमीसमध्ये नोकरी करतो, शुक्रवारी घरी असतो. चाचांच्या अंगाखांद्यावर वाढल्यामुळे तो हिंदी बोलतो, चाचांच्याच वळणाची. मी नाव सांगताच त्याने नजर खाली घातली.

‘डॉक्टर, आप आओ, अंदर आओ. पहले कॉफी. बशीर इधर नहीं है.’

‘किधर है?’

‘पोलीस के पास है.’

कॉफीचा पेला हातात येईपर्यंत त्याने पुढचं काही सांगितलं नाही. इथे पाहुण्याला उपाशीपोटी वाईट बातमी देत नाहीत, असं दिसलं. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या, आणि कोपऱ्यात सालिमचे वडील अबू सालिम तक्क्याला टेकून बसलेले. फार म्हातारे, डोळे पांढुरके. समोरच्या भिंतीत दोन लाकडी खुंट्या होत्या आणि त्यांच्यामध्ये भिंतीवर एक लांबट, स्वच्छ पट्टा. इतकी वर्षं तिथे काहीतरी टांगलेलं होतं आणि आता नव्हतं.

‘वेन बशीर?’ म्हाताऱ्याने मला विचारलं. बशीर कुठे आहे?

सालिमने त्याच्या हातात खजूर ठेवला. ‘आता येईल, बाबा.’

मग त्याने सांगितलं ते असं. खुंट्यांवर टांगलेली होती ती त्याच्या पणजोबांची ठासणीची बंदूक. पुढून नळीतून दारू घालायची, गजाने ठासायची, मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी बारीक टोपी, बसवायची आणि चाप ओढायचा, अशी. या मुलखात लग्नाकार्यात पुरुष नाचता नाचता उडी मारतात आणि पायाखाली जमिनीकडे अशा बंदुकीचा नुसत्या दारूचा बार उडवतात. धुराच्या ढगातून माणूस खाली उतरतो. त्यासाठी घरात थोडी दारू आणि केपांची डबीही असायची. हल्ली मात्र अशा जुन्या बंदुकांनाही परवाना लागतो. सालिमने अर्ज केला होता, आणि बंदूक दाखवायला आणा असा निरोप आला होता. काल सकाळी त्याने बशीरचाचांना फोन केला, गाडीत टाकून माझ्या ऑफिसात आणून दे. चाचांनी बंदूक गोधडीत गुंडाळली, पिकअपमध्ये ठेवली आणि निघाले. वाटेत चौकीवर गाडी अडवली. शिपायाने विचारलं, भरलेली आहे का? चाचा म्हणाले, रिकामी आहे. शिपायाने नळीत गज घातला. तो वीतभर वरच अडला.

‘उसने झूठ क्यों बोला?’ सालिम मला विचारत होता. ‘बशीर झूठ नहीं बोलता.’

‘अंदर क्या है?’

‘बंदर के लिए बारूद होगा. आवाज करने को. और क्या होगा?’ तो जरा थांबला. ‘सिर्फ बारूद और कपड़ा निकला तो जुर्माना, एक कागज पे साइन, खलास. बशीर घर जाएगा. लेकिन गोली निकली, तो हिरन का केस.’

सरकारने आजूबाजूच्या डोंगरांत हरणं पुन्हा आणून सोडली आहेत. आपल्या चिंकाऱ्याच्या नात्यातली, बारीक, पिंगट. त्यांना मारायला पूर्ण बंदी, मग बंदूक नवी असो की पणजोबांची, परवान्याची असो की बिनपरवान्याची. आणि पहाटे पहाटे ती हरणं मळ्यातली कोवळी पानं खायला खाली येतात, हे गावात सगळ्यांना माहीत. मग नळीतली गोळी कुणासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आतून अरीका आला. कणकेची गरम भाकरी हाताने मळून केलेला गोळा, मधे खळगा, खळग्यात तूप आणि तो प्रसिद्ध मध. अबू सालिमने स्वतःच्या हाताने घास करून माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. मध चांगला होता, एवढं कर्तव्य म्हणून नोंदवून ठेवते.

निघण्याआधी मी चाचांची खोली बघायला मागितली. एक खाट, बांधून तयार असलेल्या दोन बॅगा, त्यांच्यावर मार्करने लिहिलेलं गावाचं नाव. मोरीशेजारी चूल. घासून लख्ख केलेलं मोठं पातेलं पालथं घातलेलं. फ्रिजमध्ये बाटलीभर भाजलेल्या खोबऱ्याकांद्याचं वाटप, पुडीत तिरफळं, आमसुलं. भाकरीचं तांदळाचं पीठसुद्धा चाळून ठेवलेलं. माझ्यासाठी कोंबडीचा बेत दिसतोय, असं मी मिलिंदला म्हटलं आणि मला तिथेच रडू आलं.

शनिवार, धुकं

शुक्रवार-शनिवार सगळी कार्यालयं बंद. करण्यासारखं काही नव्हतं. मिलिंद म्हणाला, आलोय तर कडा बघून येऊ. तिथून म्हणे खाली तिहामाची, म्हणजे किनाऱ्याकडची, सगळी सपाटी दिसते. आम्ही दीड तास कठड्याशी उभे होतो आणि धुक्याशिवाय काही दिसलं नाही. शेजारी एक सौदी कुटुंब गालिचा अंथरून चहा पीत बसलं होतं, जणू धुकंच बघायला आलं होतं. त्यांच्यातल्या एका बाईने आम्हाला दोन पेले आणून दिले. माझा चेहरा बघून तिने ‘आजारी आहेस का’ अशी खूण केली. मी नाही म्हटलं.

सालिमला छळणारा प्रश्न मला मुळीच छळत नव्हता. चाचा खोटं बोलले नव्हते, हे मला ऐकताक्षणी कळलं होतं. आमच्या वडिलांकडेही अशीच बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. डुकरं आणि माकडं हाकलण्यासाठी कोकणात ती पुष्कळांकडे असते. निवडणूक आली की ती पोलिसांत जमा करायची, संपली की परत आणायची, परवान्याचं नूतनीकरण करायला तालुक्याला न्यायची. प्रत्येक वेळी बार उडवून नळी रिकामी करायची म्हणजे दारू फुकट आणि सगळ्या वाडीची झोपमोड. म्हणून केप काढायची आणि खिशात टाकायची. केप नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर बार नाही. केप काढली की बंदूक रिकामी. वडील तसंच म्हणत, चाचा तसंच म्हणत, आणि तालुक्याचा हवालदारही घोड्याखाली बोट घालून बघे आणि ‘रिकामी आहे’ म्हणून पुढे सरकवी. नळीत काय आहे हे त्याने कधी विचारलं नाही.

हे मी मिलिंदला त्या धुक्यात समजावलं. तो नाशिकच्या सोसायटीत वाढलेला. म्हणाला, ‘म्हणजे भरलेली बंदूक घेऊन तुम्ही एसटीने जात होता?’

‘केप काढलेली,’ मी म्हटलं.

‘कमाल आहे तुमची,’ तो म्हणाला. मला आशा वाटत होती. हे कुणीतरी त्या अधिकाऱ्याला नीट सांगितलं तर त्याला पटेल, असं मी धरून चालले होते. आत नुसती दारूच असणार याबद्दल तर मला शंकाच नव्हती.

रविवार, चौकीच्या अंगणात

अधिकारी तरुण होता, नम्र होता, इंग्रजी चांगलं बोलत होता. आधी चहा मागवला. मग म्हणाला, नळीतला बार काढायचाय, पण त्यांच्या माणसांपैकी कुणी इतक्या जुन्या बंदुकीला हात लावायला तयार नाही. ज्याने भरली त्यानेच काढावी. आम्ही साक्षीला उभे राहिलो तर त्याची हरकत नव्हती.

मी त्याला केपेचं सगळं सांगितलं. त्याने मधे न तोडता ऐकून घेतलं.

‘हा तुमच्याकडचा कायदा आहे?’

‘कायदा माहीत नाही. रीत आहे.’

‘डॉक्टर, तुम्ही भूल देता ना? पेशंटने ताट बाजूला सारलं, तर त्याचं पोट रिकामं आहे असं धरता का?’

मी चहाचा पेला खाली ठेवला.

‘आमच्याकडे रिकामी म्हणजे गज तळाला लागला पाहिजे,’ तो म्हणाला. ‘पण तो मुद्दाम खोटं बोलला नाही, हे तुमचं म्हणणं मी लिहून घेतो. आतून फक्त दारू निघाली तर त्याचा उपयोग होईल.’

चाचांना बाहेर आणलं. मी त्यांना चार वर्षांनी बघत होते. दाढी पूर्ण पांढरी, कमरेला तीच कोकणी पद्धतीची चौकड्यांची लुंगी, डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते रडण्याचं नव्हतं, म्हातारपणाचं होतं; बाहुल्यांत मोतीबिंदू पिकलेला, हे मला डॉक्टर म्हणून दिसलं. मला बघून ते हसले, आणि लगेच त्यांचं हसू गेलं.

‘तू कशाला आलीस गो हितं?’ ते म्हणाले. ‘जा तू. डोंगर बघ जा.’

‘चाचा, मी सांगितलंय सगळं त्यांना. काढा तुम्ही बार, झालं.’

त्यांनी मान फिरवली.

बेड्या सोडल्या. त्यांनी पाणी मागितलं आणि नळीत ओतलं, दारू भिजावी म्हणून. मग गजाच्या टोकाला पिळाचा आकडा बसवला, आत घातला आणि सावकाश फिरवायला लागले. त्यांचे हात बघताना मला आमच्या ओटीवरचे ते दोघं आठवत होते, मधे बंदूक, तेलाची वाटी, चिंध्या. आकडा वर आला. त्याच्या टोकाला ओला, तांबूस पुंजका होता. नारळाचा काथ्या. आमच्याकडे दारू दाबायला काथ्याच घालतात, इथे कापड घालतात. सालिमने सुटकेचा श्वास टाकला आणि माझा दंड धरला.

‘देखा? बंदर के लिए. देखा?’

‘अजून तळ लागला नाही,’ अधिकारी शांतपणे म्हणाला. ‘पुढे.’

चाचा थांबले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग बंदूक हळूच उलटी केली आणि दस्त्यावर तळहाताने दोन थापा मारल्या. पत्र्याच्या ताटात टणकन आवाज आला आणि शिशाची गोळी गोल फिरत कडेला जाऊन थांबली. सुपारीएवढी असेल. बाकीचं नंतर निघालं, दुसरा काथ्या, भिजलेली काळी दारू, पण ते कुणी बघत नव्हतं.

अधिकाऱ्याने गोळी रुमालाने उचलली. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

‘शिसं कुठून आणलं?’

‘गाडीच्या चाकाचं,’ चाचा अरबीत म्हणाले. चाकाचा तोल साधायला शिशाचे तुकडे लावतात, ते वितळवून त्यांनी गोळी ओतली होती.

‘हरणासाठी?’

‘होय.’

सालिम त्यांच्या अंगावर ओरडला. नाही म्हण, माकडासाठी म्हण, असं काहीतरी. चाचांनी त्याला लहान मुलाला करावं तसं हाताने गप्प केलं. अधिकारी लिहीत होता.

सोमवार, जाळीपलीकडून

भेट जेमतेम काही मिनिटांची. मधे जाळी. एक शिपाई भिंतीला टेकून फोनवर बोलत होता.

मी रात्रभर चिडलेली होते. घरी जायला पाच-सहा दिवस राहिलेले, तिकीट हातात, बॅगा बांधलेल्या, आणि या माणसाला हरणावर बार टाकायची हौस आली! तसं मी त्यांना म्हणालेही. चाचांना मी जन्मात पहिल्यांदा अशी बोलले असेन.

‘बरोबर हाय तुजा,’ ते म्हणाले.

‘पण का, चाचा? कशासाठी?’

त्यांनी डोळे पुसले. ‘तू येणार व्हतीस ना.’

मला क्षणभर कळलंच नाही.

‘तू घोव घेऊन येणार. पयल्यांदा माज्या दारात. मग काय कोंबडी घालू तुला? कोंबडी तर हाटेलवाला पन घालतो. तुजा बापूस असता तर त्यान काय केला असता? आदल्या रातीच भेकरू आणला असता.’

हे खरं होतं. वडील असते तर त्यांनी भेकर, आमच्या रानातलं बुटकं हरीण, आणलं असतं. कायद्याने आपल्याकडेही भेकराला हात लावता येत नाही, पण आमच्या वाडीपर्यंत कायदा चालत येईतो रस्सा संपलेला असे. दिवाळीला घरी आलेल्या लेकीला, पहिल्यांदा आलेल्या जावयाला, भेकराचं मटण आणि तांदळाची भाकरी. मिलिंदला ते मिळालं नव्हतं. वडील आमच्या लग्नाआधीच गेले.

‘पहाटचा बसलो गडग्याआड,’ चाचा सांगत होते. ‘आला गो. एकच आला, मोठा. घोडा चढवला. पन डोळ्याला दोन दिसायला लागली. दोन हरणा, दोन झाडा. कुठल्याला मारू? म्हटला, ऱ्हाव दे, उद्या परत बसू. केप काढली, खिशात टाकली, बंदूक नेऊन ठेवली. आनि सालिमचा फोन आला, घेऊन ये म्हणून.’

‘मग आधी बार काढून टाकायचा ना!’

‘आकड्यान काढत बसायला येळ कुठं व्हता? उडवला असता तर आवाज नसता झाला? लोका आली असती. आनि केप तर काढलेली व्हती गो,’ ते म्हणाले. ‘केप काढली म्हणजे रिकामीच की. तुजा बापूस नाय का न्यायचा तालुक्याला?’

मी हो म्हटलं. त्यांना हे अजूनही खरंच वाटत होतं आणि मला ते खोडून काढवेना.

‘त्या साहेबाला माज्यासाठी जास्त काय बोलू नको,’ ते म्हणाले. ‘तुजा नाव नाय घेतला मी. इकाम्यावर नोकरी तुजी, ऱ्हायचा परवाना जायचा. आनि चाचीला सांग, कागद अडकलेत. एवढाच सांग.’

शिपायाने फोन खिशात ठेवला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

बाहेर सालिम वकिलाशी बोलून उभा होता. एक्झिट रद्द. केस चालणार, किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. शिक्षा होईल, ती भोगून झाली की तुरुंगातूनच थेट विमानात. मळ्यावर परत येणं नाही, निरोप नाही. सालिम म्हणत होता, मी तो फोन केला नसता तर. मी त्याला सांगू शकले असते की फोन केला नसता तर दुसऱ्या पहाटे चाचा पुन्हा गडग्याआड बसले असते, आणि कदाचित हरीण एकच दिसलं असतं. पण मी सांगितलं नाही. त्यासाठी पाहुणी कोण होती तेही सांगावं लागलं असतं.

मळ्यावर चाचांच्या बॅगा नीट ठेवायला गेलो. अबू सालिम खुंट्यांकडे तोंड करून बसला होता. बंदूक आता परत मिळणार नव्हती, हे त्याला कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. त्याने मला ओळखलं नाही.

‘वेन बशीर?’ त्याने विचारलं.

सालिमने निघताना वाटपाची बाटली, तिरफळं आणि आमसुलं एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली. ‘ये आपके लिए रखा था,’ तो म्हणाला. ‘कितने दिन से बोलता था, डॉक्टर आएगी, डॉक्टर आएगी.’ मी ती घेतली. नको कसं म्हणणार?

रियाध

घरी आल्यावर मी लगेच चाचीला फोन केला नाही. शुक्रवारपर्यंत टाळलं. शुक्रवारी तिचाच आला. आवाज मोठा, खणखणीत; आमच्या दोन घरांमध्ये फोन नव्हते तेव्हा ती गडग्यापलीकडून अशीच बोलायची.

मी ठरवल्याप्रमाणे सांगितलं, कागद अडकलेत, थोडा वेळ लागेल. ती म्हणाली, अडकू देत, इतकी वर्षं काढली तिथे आणखी थोडे दिवस. मग तिने बाकीचं विचारलं. खोली बरी आहे का त्याची? डोळे कसे आहेत? मी बरी आहे, बरे आहेत, असं म्हणत गेले.

‘आनि तुला काय घातलान गो खायला?’

मी फोन या कानाचा त्या कानाला नेला.

‘मीच सांगितला व्हता त्याला,’ चाची हसत म्हणाली. ‘म्हटला, बायला कोंबडी नको घालू. जावई पयल्यांदा येतोय. तिकडं म्हणे डोंगरात हरणा सोडलीत, बघ एखादा गावतो काय. म्हातारा झाला तरी त्याचा नेम हाय अजून. गावला का मग?’

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मिलिंद मधे उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

‘गावला, चाची.’

‘आनि वाटप? तिरफळ जास्त नाय ना झाली?’

‘नाही. मस्त झालं होतं. पोटभर जेवलो.’

‘बास तर,’ चाची म्हणाली. ‘झाला ना तुमचा पाहुणचार? आता लवकर पाठवून द्या त्याला.’

मी हो म्हटलं.